पाठीला टेकू मिळेल

माझ्या मामाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पाठी राहतात. रस्त्यात समोरून कुणी हसत आलं की हा बावचळतो, "काय, बरं आहे ना?" म्हणून वेळ मारून नेतो आणि माणूस पुढे गेला की मागे वळून बघतो. मग याचा चेहरा उजळतो. "अगं, हे तर पोस्टातले! डावा खांदा खाली. कमरेला दोन बोटं फोम जास्त घातला होता त्यांना." तोवर पोस्टातले कोपरा ओलांडून गेलेले असतात. अर्ध्या गावाला मामा शिष्ट वाटतो, तो या एका सवयीपायी.

या सवयीचं मूळ त्याच्या धंद्यात आहे. मामा जमिनीवर बसायच्या खुर्च्या करतो, बिनपायाच्या. खाली जाडसर गादी, मागे टेकायला पाठ, आत लोखंडी सळीची चौकट, वरून कॅनव्हास. दोन्ही बाजूंना पट्टे असतात, ते ओढले की पाठ उभी होते, सैल सोडले की मागे कलते. खुर्ची मिटली की चपटी होते आणि मुठीला धरून हवी तिकडे नेता येते. एका हाताने उचलता आली नाही तर ती खुर्ची नव्हे, ते सामान, असं त्याचं म्हणणं. आधी सतरा वर्षं तो मोटारींच्या सीटा शिवायच्या कारखान्यात होता. तिथे सगळ्या जगाची पाठ एकाच मापाची धरतात, याचा त्याला इतका संताप यायचा की शेवटी त्यानेच एक दिवस राजीनामा दिला आणि एका खोलीचं दुकान घेतलं. खोलीत शिवणयंत्र, फोमचे ठोकळे आणि हवेत तरंगणारा फोमचा भुसा. बाहेर पाटी लावली, "पाठीला टेकू मिळेल." तेव्हापासून लोक त्याला टेकू म्हणतात. तोंडावरसुद्धा. त्याला ते आवडतं.

गिऱ्हाईकं सगळ्या तऱ्हेची. गाणं शिकवणाऱ्या बाई, नुकती बाळंत झालेली मुलगी, वाचनालयात दिवसभर तळ ठोकणारे निवृत्त मास्तर. एक वजनदार वकील आले होते. त्यांना अशी खुर्ची हवी होती की समोर अशील बोलत असताना डोळा लागला तरी मान पडू नये. मामाने ती केली. वकीलसाहेब अजून दुआ देतात, अशील काय देतात ते माहीत नाही.

पण त्याची खरी करामत म्हणजे माप घेण्याची रीत. गिऱ्हाइकाला तो सतरंजीवर बसवतो, पाठीमागे काहीच द्यायचं नाही. स्वतः मागे स्टुलावर बसतो आणि गप्पा काढतो. शाळा कुठली, शेजारी कसे आहेत, दात कधी काढला, काहीही. पहिली पाच-दहा मिनिटं माणूस अगदी ताठ असतो. "हे फोटोसाठी बसणं झालं," मामा म्हणतो आणि टेपला हात लावत नाही. मग बोलणं रंगात येतं, माणूस स्वतःला विसरतो आणि कंबर हळूच खाली बसते, एक खांदा पडतो, मान पुढे येते. त्या क्षणी मामा खडूने सदऱ्यावर तीन खुणा करतो. "ही तुमची पाठ." खुणा झटकायचं भान बहुतेकांना राहत नाही. आमच्या भागात पाठीवर खडू घेऊन फिरणारा माणूस दिसला की समजायचं, टेकूकडून आला.

त्याची ही रीत आजवर एकदाच हरली. ती हरली माझ्या आईपाशी, म्हणजे त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीपाशी. तो तिला ताई म्हणतो, म्हणून सगळी गल्लीच तिला ताई म्हणते.

आई रफू करते. कोटाला भोक पडो, शालीला कसर लागो, आई आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढते आणि भोकावर असे विणते की नंतर जागा शोधून सापडत नाही. वडील गेल्यावर हेच काम तिची सोबत होतं. खोलीला एक बुटकी खिडकी आहे, तिचा उजेड थेट जमिनीवर पडतो. तिथे चादर अंथरून, गुडघे उभे करून, कोट मांडीत घेऊन ती बसते. खुर्चीवर बसून हे होत नाही, कोट मांडीवरून लोंबतो आणि त्याच्या वजनाने विणीला ताण बसतो. आणि एकदा बसलं की दोन तास उठायचं नाही. मध्ये उठलं तर हाताची ओढ बदलते आणि रफू दिसतं. दिसणारं रफू आईला मान्य नाही. "दिसायचंच होतं तर भोक काय वाईट होतं?" ती म्हणते.

गेल्या वर्षी ती फडताळावरचं काहीतरी काढताना स्टुलावरून पडली. मणक्याला चीर गेली. तीन महिने अंथरुणात काढले, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, बसा, पण पाठीला आधार हवाच. मी एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. मोजल्याशिवाय मला कशावर विश्वास ठेवता येत नाही. मी पाहिलं, आई वीस मिनिटं बसते, मग ओठ चावते, मग आडवी होते. आडवी झाली की छताकडे बघत पडते. एक कोट तिने आठ बैठकांत रफू केला आणि काम आणून देणाऱ्या लाँड्रीवाल्याकडे पाठवायच्या आधी स्वतःच सगळं उसवलं. ते पाहून माझा धीर सुटला.

"माझ्याकडे राहायला ये," मी म्हटलं.

"तुझ्याकडे जमिनीपर्यंत उजेड येतो का?" तिने विचारलं.

माझं घर मला माहीत आहे. तिथे जमिनीवर टीव्हीच्या वायरी येतात, उजेड नाही. पण मी हट्टाला पेटले. शेवटी आमचं ठरलं. एक महिना. महिन्याच्या आत तिला एका बैठकीत दोन तास काम करता आलं, तर ती तिच्या खोलीत, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर सुईदोरा गुंडाळून माझ्याकडे यायचं. ती हो म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं, मी बघूनही न बघितल्यासारखं केलं.

मामाला कळल्यावर तो छाती काढून म्हणाला, "महिना कशाला? आठवड्यात देतो."

त्याने माप घेतलं, अगदी रीतसर. आई सतरंजीवर, तो मागे. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आई हसत होती, बोलत होती, जुन्या शेजारणीची नक्कल करून दाखवत होती, पण पाठ हलली नाही. मामाला कौतुक आवरेना. "बघ, जरा बघ! बासष्ट वर्षं, वर मणक्याचं दुखणं, आणि पाठ ओळंब्यात. अशी पाठ मी दुकानात एकदा पाहिली नाही." त्याने खुणा केल्या. खुर्ची आली तीही तशीच, उंच आणि ताठ, देखणी. आई तिच्यात बसून म्हणाली, "मस्त झालीय रे." तो जिना उतरला आणि आईने खुर्ची मिटून कपाटामागे सरकवली. तिच्यात ती टिकली सव्वीस मिनिटं, माझ्या घड्याळाने.

तो तक्रार ऐकून परत आला, फोम बदलला. दुसरी खुर्ची एकोणीस मिनिटं. तिसरीत त्याने कमरेला उशी शिवली, ती बावीस मिनिटं. प्रत्येक वेळी आई त्याच्यादेखत "छान" म्हणायची आणि खरं काय ते मला सांगावं लागायचं, त्यामुळे मी वाईट. मामा दुकानात येणाऱ्यांवर खेकसायला लागला. वाचनालयातल्या मास्तरांना त्याने सांगितलं की तुम्ही नीट बसत नाही म्हणून तुमची पाठ दुखते. त्याच्या तोंडून असं वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

महिना संपायला नऊ दिवस उरले. मी त्याच्या दुकानात गेले, खरं तर भांडायला. तो म्हणाला, "चल, परत माप घेतो." आम्ही दोघं निघालो. एरवी मामा आईकडे यायचा म्हणजे जिन्याच्या खालूनच "ताई!" अशी हाक मारायचा, सगळ्या मजल्यांना कळायचं. त्या दिवशी मी वाटभर त्याच्याशी वाद घालत होते, जिन्यातही माझंच तोंड चालू होतं. हाक राहून गेली. माझ्याकडची किल्ली लावून मी दार उघडलं. आत रेडिओ सुरू होता. आई दाराकडे पाठ करून खिडकीशी काहीतरी शिवत होती.

मामा उंबऱ्यातच थांबला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ही कोण बसलीय? ताई कुठे गेली?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसून त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. तो त्या पाठीकडे बघत होता, गोल झालेल्या, उजवीकडे झुकलेल्या, खांदे कानांपाशी गेलेल्या. आणि मग त्याला कळलं. ते कळताना मी त्याचा चेहरा पाहिला, पुन्हा कुणाचा तसा पाहायची वेळ येऊ नये.

त्याने आवाज न करता दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"काय किती वर्षं?"

"ती अशी बसते."

"मला कळतंय तेव्हापासून. पडल्यावर जरा जास्त."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का? माप घेणारा तू!" मी चिडून म्हणाले. पण माझं मलाच ते लागलं. मी आयुष्यभर तिची वाकलेली पाठ बघत आले होते. मामा आला की ती सरळ होते हेही बघत आले होते. पाहुणे आले की आपण पदर सारखा करतो, तसंच ते असेल असं धरून चालले होते. पाण्यातला कणभर क्षार मी शोधून काढते आणि घरातली एवढी मोठी गोष्ट मला दिसली नाही.

मामा उठला, चार पायऱ्या खाली गेला आणि तिथून जोरात हाक मारली. "ताई!"

आम्ही आत गेलो. आई ओळंब्यात बसली होती.

"ये. चहा टाकते," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"बस खाली. मी मघाशी येऊन गेलो, ताई. हाक न मारता."

आईचा हात थांबला. तिने रेडिओ बंद केला. चोरी पकडली गेल्यासारखी ती इतकी ओशाळली की मला तिच्याकडे बघवेना.

"मी तीन खुर्च्या केल्या," मामा म्हणाला. "तिन्ही खोट्या मापाच्या. तू मला माप खोटं दिलंस."

"मुद्दाम नाही रे."

"मग आता वाक. बस जशी बसतेस तशी."

तिने प्रयत्न केला. खरंच केला. खांदे सोडले, मान खाली घातली, दोन श्वास झाले आणि पाठ पुन्हा आपोआप वर आली. तिने परत केलं, परत तेच झालं. तिचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता आणि तरीही ती ताठ.

"जमत नाही," ती म्हणाली. "तू असलास की होतच नाही ते."

"पण का?"

आईने सुई कोटात खोचून ठेवली आणि म्हणाली, "आपली आई शेवटी शेवटी भिंतीला टेकून बसायची, आठवतं? तू सहा वर्षांचा होतास. ती गेल्यावर मी जरा कुठे टेकले की तू रडून घर डोक्यावर घ्यायचास. 'ताई, टेकू नको, तू पण जाशील.' पाय धरून बसायचास माझे. मी चौदा वर्षांची, मला काय सुचणार? मी टेकणं सोडलं."

मामाला यातलं काहीच आठवत नव्हतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. सगळ्या गावाला टेकवणारा माणूस, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ताई, मी आता चोपन्न वर्षांचा आहे," तो कसाबसा म्हणाला.

"मला ठाऊक आहे रे. पाठीला कोण सांगणार?"

मला हसू आलं आणि रडूही. मामाने मात्र टेप आणि खडू खिशातून काढून माझ्या हातात दिले. तो तिच्या मागे गेला आणि जमिनीवर बसला, तिच्याकडे पाठ करून.

"तू खिडकीकडे बघ. मी दाराकडे बघतो. मी तुला बघत नाही, तू मला बघू नको. काम कर आणि टेक."

"तुझ्यावर?"

"मग काय वकिलावर?"

आईने सुई उचलली. आधी फक्त लुगड्याचा काठ त्याच्या सदऱ्याला लागला. मग बराच वेळ काही नाही. मी कपाटाला टेकून उभी होते, घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून. सुई कापडातून जाताना येणारा बारीक आवाज तेवढा खोलीत होता. मामा काहीबाही बोलत होता, गिऱ्हाइकांशी बोलतो तसं, पण त्याचा आवाज जागेवर नव्हता, मग तो बोलायचाही थांबला. किती मिनिटांनी कोण जाणे, आईचा एक खांदा त्याच्या पाठीवर आला. मग कंबर. मग सगळीच ती खाली आली, एकदाची, आणि तिच्या तोंडून असा सुस्कारा निघाला जसा मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता.

मामाने डोळ्यांनीच मला खूण केली. मी गुडघ्यांवर बसले आणि जिथे जिथे तिची पाठ टेकली होती तिथे त्याच्या सदऱ्यावर खडूने खुणा केल्या. तीन पुरल्या नाहीत, सात कराव्या लागल्या. कमरेपाशी खूप खाली एक, उजवीकडे बरगडीशी दोन, मानेच्या जवळ एकही नाही. माझा मामा रडका आहे, लग्नात रडतो, लहान मुलाचा दात पडला तरी रडतो, आणि मोठ्याने रडतो. त्या दिवशी त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं पण त्याने आवाज काढला नाही, हुंदका दिला नाही. हुंदका दिला असता तर पाठ हलली असती. पायाला मुंग्या येऊन पाय बधिर झाले तरी तो उठला नाही. आईने धागा संपवला, तोडला, आणि मगच ती बाजूला झाली.

चौथी खुर्ची पाच दिवसांनी आली. इतकी बेढब वस्तू त्याच्या दुकानातून आजवर बाहेर पडली नसेल. पाठ बुटकी, एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला खोल, एक पट्टा आखूड आणि एक लांब. शेजारच्या दुकानदाराने विचारलं, टेकू, मोडली का रे ही? आईने ती खिडकीशी ठेवली आणि मी म्हटलं, उद्या मोजू.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. लाँड्रीवाल्याने एक काळा कोट पाठवला होता, कोपराला रुपयाएवढं भोक. आई दहा वाजता बसली. मी खाटेवर बसले, घड्याळ उशीवर. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. तास झाला. तिने ओठ चावला नव्हता. ती खुर्चीत पार घसरून, वाकडी होऊन बसली होती, पाय पसरलेले, कोट नाकाशी, आणि मधूनच गुणगुणत होती. ती हरावी असं मला महिनाभर कुठेतरी वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं. तिच्या काळजीने वाटत होतं हे खरं, पण वाटत होतं. मला लाज वाटली.

दीड तास उलटून गेला आणि जिन्याखालून हाक आली.

"ताई!"

आता ही सरळ होणार. त्या वाकड्या खुर्चीत सरळ बसली की मणक्यावर ताण येणार, दोन तास तर बाजूलाच, पुढचे दोन दिवस अंथरुणात. मी त्याला जिन्यातच अडवायला उठले, पण तो दोन-दोन पायऱ्या चढत येत होता. दार उघडं होतं. तो आत आला आणि बहिणीसमोर उभा राहिला.

आईने मान वर केली. पाठ सरळ केली नाही.

"ये," ती म्हणाली. सुई चालूच होती, खांदा खुर्चीत रुतलेला. "चहा हवा असेल तर हिला सांग. मी काही आता उठत नाही."

एवढ्या वर्षांत मामा घरात आला आणि आई उठली नाही, असं झालं नव्हतं. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? चहा तू करायचास," आणि यावेळी तो मोठ्याने रडला.